पन्नास पेन्स

ग्रिम्सबीच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळ-गुरू-शनी आम्ही चौघं एका रांगेत.
चार तास आमचं रक्त बाहेर फिरून येतं,
कुत्र्याला पाय मोकळे करायला न्यावं तसं.
मार्चमध्ये टीव्हीचा रिमोट हरवला
आणि नर्स टॅमसिन म्हणाली,
रोज एकानं एक आवडतं गाणं आणायचं.
नुसतं गाणं नाही हं,
ते कुठून आलं, तेही सांगायचं.

झ्बिग्न्येव्हनं आणलं एक पोस्टकार्ड.
चित्रात तळं, तळ्यात हंस,
आणि हंसांवरून गोल गोल बारीक चऱ्या.
त्याच्या तरुणपणी वूचच्या बाजारात
अशी गाणी मिळायची म्हणे, पोस्टकार्डावर.
सुई हंसाच्या मानेशी आली की अडखळायची,
म्हणून ते गाणं गुणगुणताना
'प्रिये' तो आजही दोनदा म्हणतो.
बायकोला वाटायचं, केवढा जीव माझ्यावर!
तो म्हणाला, मी कधी हंसाचं नाव काढलं नाही.

नॉरिस हॅडोच्या सगळ्या गाण्यांची गोष्ट एकच:
गिटारवाला प्यायलेला होता आणि पहाट झाली.

मग आली डिलिसची पाळी.
तिनं फोन उशीवर ठेवला,
आणि मला पहिल्याच ठोक्याला कळलं,
कारण तो ठोका माझा होता.

चुहात्तर साल. मासळी धुरवायच्या भट्टीवरची खोली,
आम्ही पाचजण, आमचं एकुलतं एक गाणं.
रेडिओवर सहा आठवडे वाजलं, मग कुणाला आठवलं नाही.
मी लग्न केलं, गोदीत बर्फ फोडला,
ढोल विकून पाळणा घेतला.
इथे कुणाला माहीत नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

डिलिस म्हणाली, आता ऐका हं,
शेवटच्या कडव्याआधी सगळं थांबतं.
गिटार नाही, काही नाही, फक्त ढोल.
आणि मग तो आवाज. टिंग.
गाणारीनं बोटातली अंगठी काढली
आणि फेकली, तिथल्या तिथे, माइकसमोर.
नवरा काचेपलीकडे उभा होता.

काच नव्हती. नवराही नव्हता.
विजेचा मीटर होता, नाणं गिळणारा.
तो संपला आणि गिटारी मेल्या, दिवे गेले.
टेपचं यंत्र तेवढं चालू राहिलं,
कारण त्याची वायर आम्ही खालच्या मासळीवाल्याकडून चोरली होती.
'थांब' असं कुणी म्हटलं नाही, म्हणून मी वाजवत राहिलो,
काळोखात, माशांच्या वासात,
आणि रॉनी खिसे चाचपत मीटरपाशी गेला,
पन्नास पेन्स त्याच्या हातून निसटले.
टिंग.

सांगणार होतो. ओठांवर आलंच होतं.
नॉरिस हसून हसून नळी उपटेल, असंही वाटलं.

तेवढ्यात डिलिस म्हणाली,
त्या आवाजाला मीही काढली माझी.
स्वयंपाकघरात, सिंकजवळ उभी होते,
गालावर सूज, रेडिओ खिडकीत.
म्हटलं, ती काढू शकते तर...
अंगठी सिंकच्या भोकात गेली, तिचा आवाजसुद्धा आला नाही.
दोन्ही पोरांना घेऊन नऊ चाळीसची बस पकडली.

कुणी बोललं नाही.
यंत्रं आपापल्या लयीत चालू होती,
माझं जरासं मागे.

टॅमसिननं गाणं परत लावलं.
ती मोकळी जागा आली तेव्हा
माझी बोटं चादरीवर आपोआप चालू लागली,
डाव्या हातात सुया, म्हणून फक्त उजवी.
टिंगनंतर दीड ठोका थांबून
गिटारीच्या बरोब्बर आधी मी हात उचलला.
तो दीड ठोका अजून कुणाला जमलेला नाही.

डिलिस माझ्या हाताकडे बघत होती.
गाणं संपलं तरी बघत होती.
मग म्हणाली, शनिवारी तुमची पाळी ना?

हो म्हटलं.
दोन दिवस आहेत.
हंसाचं एखादं गाणं शोधतोय.